बॉनेटवरचं अर्धं स्वस्तिक

माझं गाव गडमुडशिंगी. आता गाव म्हणजे काय, कोल्हापूरला चिकटूनच हाय, पण आमच्या लहानपणी मधी समदं रान हुतं आणि त्या रानातनं आमचा बा सायकलला दोन किटल्या अडकवून रोज दूध घालायला शहरात जायचा. सहा म्हशी हुत्या दावणीला. बाचा म्हशींवर एवढा जीव की आई म्हणायची, ह्या माणसानं मला कवा एवढं तेल आणलं न्हाई जेवढं म्हशीला आणतोय. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून फिरवत्यात, कुणाची म्हैस जास्त चमकली त्यावर पुढं महिनाभर गप्पा चालत्यात, तर त्या पाडव्यासाठी बा पंधरा दिवस आधीच कामाला लागायचा, केस भादरायचा, नदीवर नेऊन घासायचा, शिंगं काचेनं तासून काळीकुळकुळीत करायचा, आणि मी बाजूला तेलाची वाटी धरून हुबा. बा म्हणायचा, दिन्या, चमक वरनं लावायची नसती, खालची घाण निघाली की ती आपसूक येती. माझं नाव दिनकर, पण समदी दिन्याच म्हणत्यात, तुम्ही बी म्हणा, काय बिघडत न्हाई.

म्हशी काय मी सांभाळल्या न्हाईत. धाकट्या भावानं सांभाळल्या. मी दहावीला बसलो, उठलो, आणि एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगला लागलो. तिथं गाडीचा रंग कळला. रंग म्हणजे नुसता रंग नसतोय पावणं, खाली पत्रा, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर, त्यो केसाहून बारीक, आणि सगळी चमक त्या थरात असती. लोक खराट्यागत फडक्यानं गाडी पुसत्यात आणि त्यो थर खरवडून टाकत्यात, मग म्हणत्यात गाडी जुनी झाली. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात काढली आणि मग रस्त्याकडंला हे शेड टाकलं. आधी नुसतं धुणं हुतं. आता डिटेलिंग म्हणत्यात. माझी बायको मंगल सीटा आणि आतलं काम बघती, बाहेरचं मी. दोघांचंच हाय सगळं. दसरा जवळ आला की आम्हाला जेवायला फुरसत नसती, कारण खंडेनवमीला कोल्हापुरात अशी एक गाडी न्हाई की जिची पूजा हुत न्हाई. सायकलपासनं जेसीबीपर्यंत समद्यांना हार पाहिजे, नारळ पाहिजे, आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक पाहिजे. हे ध्यानात ठेवा, कारण हे मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार न्हाई.

आता सीलंट म्हणजे काय ते सांगतो. गाडी धुतली, चिकटलेला डांबर-बिंबर काढला, मशीननं पॉलिश मारली की मग शेवटी रंगावर एक औषध लावायचं. आम्ही औषधच म्हणतो. ते वाळून घट्ट बसलं की पावसाचं पाणी बॉनेटवर थांबत न्हाई, थेंब थेंब हून घरंगळून जातंय, धूळ चिकटत न्हाई, ऊन खात न्हाई. आणि ह्या औषधात रोज नवीन काहीतरी निघतंय. पुण्याकडनं एक विक्रेता यायचा, बॅगेतनं बारक्या बारक्या बाटल्या काढायचा, दिनकरराव हे बघा, हे एकदा लावा, मागचं समदं विसराल. काय सांगू तुम्हाला, मला त्या बाटल्यांचं वेडच लागलेलं. दारूचं नसंल एवढं. नवीन बाटली हातात आली की ती कुठल्या तरी रंगावर लावून बघितल्याबिगर मला झोप लागायची न्हाई.

बरं लावून बघायचं म्हणजे कसं, तर बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी मारायची, एका अंगाला आपलं नेहमीचं औषध लावायचं आणि दुसऱ्या अंगाला नवीन. पट्टी काढली की उघड्या डोळ्यांना काय फरक दिसत न्हाई. मग ती गाडी पुढच्या महिन्यात धुवायला आली की पाणी मारून बघायचं, कुठल्या अंगाला थेंब चांगला धरतोय. ही रीत काय वाईट न्हाई, जगात समदीकडं असंच करत्यात. पण स्वतःच्या गाडीवर करत्यात. न्हाईतर गिऱ्हाइकाला सांगून करत्यात. माझ्याकडं गाडी म्हणजे एक जुना टेम्पो, त्याला रंगच उरला नव्हता. आणि गिऱ्हाइकाला सांगितलं तर ते म्हणणार, माझ्या गाडीवर कशापाय, तुझ्या बाच्या गाडीवर कर की. म्हणून मी सांगत नव्हतो. गपचिप करायचो.

आता लाज वाटायची गोष्ट ह्याच्या पुढं हाय. कुणाच्या गाडीवर करायचं हे मी ठरवायचो. पुढाऱ्याच्या गाडीवर कधी केलं न्हाई. पैलवानांची यायची, त्यावर न्हाई. डॉक्टरची, वकिलाची, अजिबात न्हाई. जो माणूस हळू बोलतोय, गाडी घेताना नीट बघत बी न्हाई, छान झालंय म्हणतोय आणि जातोय, त्याच्या गाडीवर करायचो. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणायचं, तसलं काम. तवा मी ह्याला हुशारी म्हणत हुतो.

तर त्या वहिनी. नाव सांगत न्हाई, मंगळवार पेठेतल्या, एवढं पुरं. त्यांच्या मालकांचा चटणी कुटायचा डंक हुता घराच्या खालच्या खोलीत. मालक आजारानं गेले, त्यावेळी वहिनी असतील चाळिशीच्या. पोर एकच, ती लग्न हून गेलेली. दीर वेगळं काहीतरी करायचा, त्याला डंकात रस नव्हता, मग डंक वहिनींनी चालवला. नुसता चालवला न्हाई, कांदा-लसूण चटणी स्वतः करून इकायला लागल्या, इचलकरंजीला दुकानं धरली, तिकडं आठवड्याला माल जायचा. आणि त्या पैशातनं त्यांनी गाडी घेतली. पांढरी, नवी, बारकी. क्लास लावून चालवायला शिकल्या. माझ्याकडं पहिल्यांदा धुवायला आल्या तवा मागच्या काचेला ते लाल एल चिकटवलेलं हुतं आणि गाडी शेडात घेताना दोनदा बंद पडली. आम्ही हसलो. त्या बी हसल्या. मंगलला म्हणाल्या, मिरचीच्या पोत्यापेक्षा ही जड हाय बघा हाकायला. मंगलचं आणि त्यांचं लगेच जमलं. डिकीतनं एक चटणीचं पुडकं काढून दिलं तिला.

खंडेनवमीच्या तीन-चार दिवस आधी त्यांचा फोन आला. भाऊ, पहिलीच पूजा हाय गाडीची, चांगली चमकवून द्या. म्हणलं, या की. गाडी आली ती नवमीच्या आदल्या दिवशी सकाळी. गर्दी अशी की शेडाबाहेर रस्त्यावर गाड्या लागलेल्या. आणि त्याच्या आदल्याच दिवशी त्यो विक्रेता एक नवीन बाटली देऊन गेलता. म्हणलाता, हे लई भारी हाय, फक्त एक करा, लावल्यावर आठ दिवस ह्याला पाणी, तेल, काय बी लागू देऊ नका, हे सावकाश वाळतंय. मी व्हय म्हणलं. ऐकलं हुतं मी. कानानं ऐकलं हुतं. मग ती पांढरी गाडी समोर पॉलिश हून उभी, बॉनेट आरशागत, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. पांढऱ्या रंगावर कसं दिसतंय बघू. वहिनी काय बोलणार हाईत. एकटी बाई, मागं कोण न्हाई, काय झालंच तर भांडायला कोण येणार. असं मी मनात म्हणलं. अगदी ह्या शब्दात म्हणलं, पावणं, मी तुम्हाला खोटं सांगत न्हाई, कारण आता खोटं बोलून दमलोय.

मधोमध पट्टी मारली. उजव्या अंगाला नेहमीचं, डाव्या अंगाला नवीन. संध्याकाळी वहिनी गाडी न्यायला आल्या. आता मी तोंडानं एवढंच म्हणायला पाहिजे हुतं की वहिनी, आठ दिवस बॉनेटला काय लावू नका, स्वस्तिक काचेवर काढा. पण तसं म्हणलं असतं तर त्यांनी इचारलं असतं, का, इतरांना तर तुम्ही असं सांगत न्हाई. मग नवीन औषधाचं सांगावं लागलं असतं. म्हणून न्हाई बोललो. त्या म्हणाल्या, लई सुंदर झालीय भाऊ, आणि गेल्या.

पाच-सहा दिवसांनी फोन. दसरा हून गेलता. नाव बघूनच ती बाटली आठवली, चोराच्या मनात चांदणं म्हणत्यात तसं. भाऊ, जरा घरी येऊन गाडी बघता का. आवाज शांत. मी म्हणलं, काय झालंय. त्या म्हणाल्या, या तर खरं.

गेलो. गल्ली अरुंद, गाडी दाराला लागून उभी. दारात दीर, पायरीवर वहिनींच्या सासूबाई, समोरच्या घरातल्या दोन बाया, एक-दोन माणसं. बॉनेट बघितलं. स्वस्तिक अर्धं हुतं. म्हणजे काढताना पूर्णच काढलेलं, तेलात कालवलेल्या कुंकवानं, आपल्याकडं पूजेचं कुंकू लगेच पुसत न्हाईत, राहतंय चार-पाच दिवस, ते तसंच उन्हात राहिलेलं, आणि आज धुतलं तवा उजव्या अंगाचं स्वच्छ निघालेलं आणि डाव्या अंगाचं रंगात मुरलेलं. लालभडक. मधी पट्टीची रेघ जिथं हुती तिथं सुरीनं कापल्यागत सरळ. माझ्यासारख्याला एका नजरंत कळतंय, औषध ओलं हुतं, त्यानं कुंकू पिलं. दुसऱ्या कुणाला न्हाई कळायचं. वहिनी हातात ओलं फडकं घेऊन उभ्या. घासून घासून फडकं गुलाबी झालेलं.

दीर म्हणाला, बघा की काय प्रकार हाय. मी बोट फिरवलं, उगंच वाकून बघितलं, वेळ काढला, आणि म्हणलं, कुंकू भेसळीचं असंल. आजकाल रंग घालत्यात त्यात. दीर म्हणाला, भेसळीचं कसं, त्याच पुडीतलं कुंकू माझ्या मोटरसायकलला लावलंय, डंकाच्या मशीनला लावलंय, एका हातानं निघालं. मग समोरची एक बाई म्हणाली, मोटरसायकलची पूजा कुणी केली? दीर म्हणाला, आमच्या हिनं. आणि गाडीची? समद्यांना माहीत हुतं. गाडीची पूजा वहिनींनी स्वतः केलती. नवरा गेलेल्या बाईनं. ती बाई म्हणाली, मग आता काय सांगायचं, देवानंच अर्धं ठेवलं आणि अर्धं काढलं. दीर माझ्याकडं वळला. म्हणाला, दिनकरराव, तुम्ही एवढ्या गाड्या करताय, तुमच्या औषधात तर काय खोट नसंल न्हवं? असं कवा दुसऱ्या कुणाच्या गाडीला झालंय का?

मी म्हणलं, न्हाई.

एवढंच. एक शब्द. खरा बी हुता त्यो, दुसऱ्या कुणाच्या गाडीला झालं नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाच्या गाडीला मी ते लावलंच नव्हतं. पण त्या न्हाईनं काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलं. सासूबाई पायरीवर बसल्या हुत्या त्यांनी दोन्ही हातांनी आपल्या गालावर मारून घेतलं, हळू, दोनदा. मला वाटलं सुनंला बोल लावायला लागल्यात. वहिनी माझ्याकडं बघत हुत्या. रागानं न्हवं. वाट बघितल्यागत. मी खाली बघितलं. म्हणलं, गाडी शेडावर पाठवून द्या, मी काढून देतो, पैसं घेत न्हाई. जसं काय मोठा उपकारच करतोय.

काढलं मी ते. जाडसर पॉलिश लावून दोन तास मशीन फिरवलं, वरचा थर पातळ हुईपर्यंत. बॉनेट परत पांढरं झालं. मंगलनं इचारलं, काय झालंतं? म्हणलं, कुंकू खराब हुतं. तिला बी खोटंच सांगितलं. आणि गाडी पाठवून दिल्यावर मला वाटलं, मिटलं. झाकली मूठ.

मिटतंय कुठलं. पुढच्या वेळेला गाडी आली तवा दीर चालवत हुता आणि वहिनी मागं बसलेल्या. त्याच्या पुढच्या वेळेला वहिनी नव्हत्याच. मी आपलं इचारलं, वहिनी न्हाई आल्या? दीर म्हणाला, तिनं सोडलं चालवायचं, घरात बरं न्हाई वाटत समद्यांना, गाडी आता माझ्याकडंच असती. पुढच्या खंडेनवमीची पूजा वहिनींची जाऊ करणार, हे मला गाडी न्यायला आलेल्या दिरानंच सांगितलं, आणि हसून म्हणाला, ह्यावेळी तुमच्या पॉलिशला त्रास न्हाई. मी बी हसलो. हसलो की मी! माणूस किती खाली जातोय बघा, हसायला येतंय त्याला.

मग एक दिवस मी एसटी स्टँडवर गेलतो, मेव्हण्याला सोडायला. इचलकरंजीच्या गाडीला ही गर्दी. आणि त्या गर्दीत वहिनी, दोन्ही हातात दोन बोजड पिशव्या, तोंडाला पदर बांधलेला, कंडक्टर ओरडतोय, मावशी पिशव्या टपावर टाका, आणि त्या म्हणत्यात, चटणी हाय, फुटंल. ज्या बाईनं स्वतःच्या घामानं गाडी घेतली ती त्या धक्काबुक्कीत उभी आणि तिची गाडी दीर फिरवतोय. मी खांबामागं सरकलो. मदत करायला पुढं जायचं सोडून सरकलो. मेव्हणा म्हणाला, काय झालं दाजी, चक्कर आली काय.

त्या दिवशी जेवताना मंगलला समदं सांगितलं. पट्टी, बाटली, आठ दिवस, न्हाई, समदं. मला वाटलं शिव्या देईल. ती शिव्या देण्यात कमी न्हाई, तुम्ही आता चहा पिताय तिच्या हातचा पण तिचं तोंड बघितलं न्हाई तुम्ही अजून. पण न्हाई. ताटातला घास तसाच ठेवला. मग म्हणाली, उद्या तुम्ही गेला तर माझ्या बी हाताला असंच म्हणतील. आणि तुमच्यासारखाच कोणतरी खाली मान घालून ऐकत उभा राहील. उठली आणि गेली आत. वहिनींनी दिलेली चटणी अजून हुती घरात बरणीत थोडी, ती त्या दिवसापासनं तिनं मला वाढली न्हाई.

तुम्ही म्हणाल, मग लगेच जाऊन सांगायचं. तसं म्हणणं सोपं हाय. मी तीनदा निघालो. एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि भजी खाऊन परत आलो. मनात एकच यायचं, आता सांगितलं तर समद्या कोल्हापुरात हुईल, दिन्या लोकांच्या गाड्यांवर प्रयोग करतोय, कोण गाडी देईल. मंगल रोज इचारायची, गेलता? आणि मग इचारायची बंद झाली, ते जास्त वाईट. ते भिंतीवर टांगलेलं बॉनेट बघितलं तुम्ही? ते भंगारातनं आणलंय. त्यावर आता नवीन औषध लावतो, आणि त्यावर तेल, हळद, कुंकू, नारळाचं पाणी, समदं लावून आठ-आठ दिवस ठेवतो. लोकांना वाटतंय दिनकररावांनी भिंतीवर देव मांडलाय. नमस्कार सुदिक करत्यात काहीजण. मी त्यांना काय सांगू.

गेल्या उन्हाळ्यात कळलं की त्या सासूबाई वारल्या. तवा मात्र मला राहवेना, कारण मनात कुठंतरी हुतं, अजून वेळ हाय, अजून वेळ हाय. दिवस-पाणी झालं आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात गेलो मी. दुपारची वेळ, डंक चालू, ठाक ठाक ठाक, आत मिरचीचा खकाणा, वहिनी तोंडाला फडकं बांधून मिरची सारत हुत्या. मी दारात उभा राहून सांगायला लागलो. त्यांना ऐकू येईना. त्यांनी मशीन बंद केलं. आणि मग एकदम एवढी शांतता झाली की मला वाटलं, पळून जावं.

सांगितलं. म्हणलं, वहिनी, ते कुंकू चांगलं हुतं. तुमच्या हातात बी काय न्हाई. मी अर्ध्या बॉनेटला नवीन औषध लावलेलं, तुम्हाला न इचारता. ते कच्चं हुतं. मला माहीत हुतं.

त्यांनी तोंडावरचं फडकं सोडलं. म्हणाल्या, मला त्याच दिवशी कळलंतं भाऊ. एकाच ताटातलं कुंकू, एकाच बोटानं दोन्ही अंगं काढली, मग एकच अंग कसं राहील? आणि ती रेघ किती सरळ हुती. मी शिकलेली न्हाई एवढी पण आंधळी न्हाई. मी म्हणलं, मग तुम्ही तवाच का न्हाई बोलला? त्या म्हणाल्या, मी बोलले असते तर म्हणले असते, स्वतःचा दोष दुसऱ्यावर ढकलती. माझं कोण ऐकणार हुतं? ते तुम्हीच बोलायला पाहिजे हुतं. मी तुमच्या तोंडाकडं बघत उभी हुते.

मग म्हणाल्या, माझं जाऊ द्या. मी डंक चालवते, माझा हात मला माहीत हाय. पण तुम्हाला एक ठाऊक न्हाई. त्या दिवशी पूजेला मी मागं उभी हुते, जाऊबाईच करतील म्हणून. ताट सासूबाईंनी माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, गाडी तू घेतलीस, पूजा बी तूच करायची, मी सांगती, कोण काय म्हणतंय बघू. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईनं कुणाला न इचारता एक गोष्ट केली भाऊ. आणि तुम्ही न्हाई म्हणलात तवा त्यांना वाटलं, आपण पाप केलं. सुनंला बोल न्हाई लावला त्यांनी कधी. स्वतःलाच लावला. गालावर मारून घेतलं ते त्यासाठी. शेवटच्या आजारपणात सुदिक म्हणायच्या, माझ्यामुळं तुझ्या गाडीला गालबोट लागलं गं, मी ताट द्यायला नको हुतं. मी किती सांगितलं, आई, ती औषधाची खोट हाय. त्या म्हणायच्या, तू माझं मन राखतीस.

मी उभ्या उभ्या रडलो. पन्नाशीला आलेला माणूस, मिरचीच्या खकाण्यात उभा राहून रडतोय, कुणाला वाटावं मिरचीच लागली. हात जोडले, म्हणलं, वहिनी, मी दिराला सांगतो, गल्लीत सांगतो, म्हणाल तिथं सांगतो. त्या म्हणाल्या, त्यांना मागनं सांगा. आधी वर चला.

वर गेलो. माजघरात सासूबाईंचा फोटो, नवाच, हार घातलेला. वहिनी बाजूला झाल्या. म्हणाल्या, ह्यांना सांगा. मी फोटोपुढं उभा राहिलो, पुटपुटलो, आजी, औषध माझं कच्चं हुतं, तुमचं काय चुकलं न्हाई. वहिनी म्हणाल्या, जरा मोठ्यानं सांगा भाऊ. त्यांना कमी ऐकू यायचं.

मग मी मोठ्यानं सांगितलं. दोनदा सांगितलं, ओरडून. खिडकी उघडी हुती. गल्लीतली माणसं खाली थांबली, समोरची ती बाई दारात आली, दीर धावत जिन्यानं वर आला आणि दाराच्या चौकटीत तसाच उभा राहिला. फोटो तेवढा हुता तसाच हुता, बाई माणूस नीट हसत बी नव्हती त्यात, आपलं सरळ समोर बघत हुती. वहिनी खाली गेल्या. जरा वेळानं डंकाचा आवाज परत सुरू झाला.

गिऱ्हाइकं तुटली थोडी. तुटणारच, त्यात तक्रार न्हाई. दिरानं गाडीची किल्ली वहिनींसाठी परत खुंटीवर अडकवली म्हणत्यात, पण वहिनी अजून एसटीनंच जात्यात, मंगल सांगती. मंगल जाती त्यांच्याकडं, बसती, बोलती. मी न्हाई जात. माफ केलं काय असं इचारायचं त्यांना माझ्यात धाडस न्हाई, आणि त्यांनी केलं तरी काय, जिनं करायला पाहिजे ती तर मनात पाप घेऊनच गेली. ज्या पापाचा धनी मी हुतो. तुम्ही लिवताय ते लिवा, चांगलं हुवू दे तुमचं. गाडी असली तर आणा कवातरी, धुवून देतो. औषध कुठलं लावणार ते आधी सांगीन.